तारा उतरवणारा नथ्थू

नथ्थू फेगड्याच्या तारेला चिकटून मोतीलाल गेला, तो दिवस सोमवार होता. वार सांगायलाच हवा, कारण सगळा घात त्या वारानेच केला.

खैरगव्हाण हे यावलच्या उत्तरेचं, सातपुड्याला टेकलेलं गाव. गावाची शेवटची केळी संपली की एक नाला, आणि नाला ओलांडला की जंगल. जंगलात चढावर पंचवीसेक घरांचा एक पाडा. रानडुकरं वरून उतरतात ती थेट केळीत. वर्षभर जपलेलं झाड ती मुळाशी उकरतात, कंद फोडून खातात आणि पुढच्या झाडाकडे वळतात. एका रात्रीत तीस-चाळीस झाडं आडवी. सकाळी शेतकरी बांधावर उभा राहतो तेव्हा घडासकट लोळलेली झाडं बघून त्याला आपलीच माणसं कापून टाकल्यासारखी वाटतात.

या गावात डुकरांसाठी पहिली तार लावली ती नथ्थूने. हात मोठा हुशार. मोटर उघडावी, स्टार्टर जोडावा, पडलेल्या झाडाला असा टेकू द्यावा की घड पिकेपर्यंत झाड हलू नये. बांधकामाची बारीक तार त्याने केळीभोवती गुडघ्याखाली खुंट्यांवर ताणली आणि तिच्या टोकाचा आकडा विजेच्या तारेवर टाकला. पहिल्याच रात्री दोन डुकरं मेली. एकाचं कातडं पोटापाशी फाटून आतडी बाहेर आली होती. गावाने तेव्हा त्याची पाठ थोपटली. महिन्याभरात अकरा जण त्याच्याकडून तार लावायला शिकले. त्यांत लीलाधर वायकोळे होते, गावात ज्यांच्या शब्दाला मान. पुढे त्या तारांना सायाळ चिकटली, दोन कुत्री चिकटली, एकदा बिबट्याचं पिल्लू चिकटलं. पिल्लाच्या मिशा जळून वळल्या होत्या. ते नाल्यात पुरलं आणि वर दगड ठेवले. कोणी वाच्यता केली नाही.

आता वाराची गोष्ट. शेतीची लाईट एक आठवडा रात्री येते आणि एक आठवडा दिवसा. रात्रीच्या आठवड्यात तारेत वीज रात्रीच खेळते. दिवसा ती नुसती तार. बायामाणसं तिच्यावरून पाय टाकून जातात, कोणी तिच्यावर फडकं वाळत घालतं. रात्रीचा आठवडा संपला की रविवारी सकाळी आकडा उतरवायचा, हा सगळ्यांचा शिरस्ता. त्या रविवारी फैजपूरला नथ्थूच्या भाचीचा साखरपुडा होता. सकाळच्या पहिल्या बसने तो आणि सुमनबाई निघाले. बसमध्ये त्याला आकडा आठवला नाही, जेवणाच्या पंगतीत आठवला नाही, रात्री मुक्काम केला तेव्हाही आठवला नाही.

मोतीलाल पाड्यावरचा. नथ्थूच्या केळीत दहा वर्षं राबलेला. वाळकी पानं काढायला सोमवारी ये, असं त्याला शनिवारी नथ्थूनेच सांगितलं होतं. सोमवारी नऊला दिवसाची लाईट आली. साडेनऊला मोतीलाल आला.

दहाच्या बसने उतरून नथ्थू घरी न जाता शेताकडे वळला. लांबून त्याला वाटलं, मोतीलाल बांधावर आडवा होऊन कुत्र्याशी खेळतोय. जवळ आल्यावर वास आला. मोतीलालचा डावा हात तारेवर मुठीसारखा मिटला होता आणि मुठीतून धूर येत होता. उजव्या हातात विळा तसाच. डोळे उघडे. त्याच्यामागे आलेलं कुत्रं त्याला चाटायला गेलं असावं, ते त्याच्या पोटऱ्यांवर मरून पडलं होतं. नथ्थूने वाळका बांबू उचलून आकडा पाडला. मग त्याने ती मूठ उघडायला घेतली. बोटं उघडेनात. उघडली तेव्हा तळहाताची कातडी तारेलाच राहिली.

लीलाधरनाना आणि चार मोठी माणसं धावत आली. त्यांनी तिथेच ठरवलं. मोटरच्या स्टार्टरचा शॉक बसला असं सांगायचं, तारा सगळ्यांनी तासाभरात गुंडाळायच्या. मेलेला माणूस परत येत नाही, बाकीच्यांनी तुरुंगात कशाला जायचं, असं नाना म्हणाले. बोलणं व्यवहाराचं होतं. नथ्थूने मान हलवली. पण यावलच्या पोलीस ठाण्यात जमादाराने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं ते असं, तार माझी, आकडा मी टाकला, उतरवायचा मी विसरलो. कोणाकोणाच्या तारा आहेत तेही विचारल्यावर त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी गावात अकरा घरी पोलीस गेले. लीलाधरनानांना ठाण्यात रात्रभर बाकावर बसवून ठेवलं. तेव्हापासून नानांनी नथ्थूचं नाव टाकलं.

तीन महिन्यांनी जामिनावर सुटून नथ्थू घरी आला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पाड्यावर चढला. कशाला चढला, हे त्याला सुमनबाईलाही सांगता आलं नाही. मोतीलालच्या घरापुढे जाऊन तो नुसता उभा राहिला. मोतीलालच्या दोघा भावांनी त्याला ओळखलं आणि काठ्या काढल्या. पहिला फटका पाठीत, दुसरा तोंडावर. समोरचे दोन दात तुटून तोंड रक्ताने भरलं. तो खाली पडल्यावर लाथा बसल्या. त्याने हात वर केला नाही, डोकंही झाकलं नाही. दारात मोतीलालची बायको भिकुबाई उभी होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग बाजारात शिकलेल्या खानदेशीत दिरांना म्हणाली,

“पुरं करा. मरी गया ते खाले आपलेच नेनं पडी.”

तिने त्याला पाणी दिलं नाही. पण तो उठेपर्यंत ती आतही गेली नाही.

पुढचं सगळं त्या दारातून सुरू झालं. पाड्यावरची माणसं तेव्हा जंगल तोडून जगत होती. अंजन, साग, खैर, जे मिळेल ते रात्रीच्या गाड्यांना विकत. वनरक्षक नूतनताईंच्या मनात एक योजना होती. पाड्याने कुऱ्हाड बंद करायची आणि रात्री गावाची केळी राखायची. शेतात उंच माळ्यावर बसून डबे वाजवायचे, विस्तव ठेवायचा, डुकरं हाकायची. त्याबद्दल गावाने प्रत्येक राखणदार घराला वर्षाची ज्वारी द्यायची. डिंक आणि मोहाची फुलं वन समितीमार्फत विकायची. योजना सोपी, पण गावावर विश्वास कोण ठेवणार? नूतनताई तीनदा पाड्यावर जाऊन आल्या. चौथ्यांदा त्यांनी नथ्थूला बरोबर नेलं. भिकुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि नूतनताईंना वगळून नथ्थूकडे बघत म्हणाली,

“आमना माणसे रातले येतीन. पन तुमना गावमा एक बी तार दिसनी, ते पाडा खाले उतराव नही. मंग हातमा कुऱ्हाडी शेतच.”

नथ्थूने शब्द दिला. द्यायला गावाने त्याला विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी तो बांधाबांधाने फिरू लागला. लोकांना आधी हसू आलं. ज्याने तारा लावायला शिकवलं तोच आता तारा हुडकतो. पण शिकवणारा तोच असल्यामुळे कोण खुंटी कुठे ठोकेल, कोण आकडा पानांत कसा लपवेल, हे त्याला घरबसल्या कळायचं. पहिल्या वर्षात त्याने सात तारा उतरवल्या. दोनदा मार खाल्ला. एकदा गावच्या पारावर एका तरण्याने त्याच्या डोक्यात नारळ फोडावा तसा विटेचा तुकडा मारला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी गुंडाळलेली तार त्याने काखेतून सोडली नाही. सुमनबाई जखमेत हळद भरताना हात जरा जोरात दाबत असे.

राखण मात्र लागली. माळे उभे राहिले. पाड्यावरचे आठ-नऊ जण संध्याकाळी उतरत, सकाळी परतत. डुकरं येत राहिली, पण नासधूस निम्म्यावर आली आणि नाल्यापलीकडे तोड थांबली. भिकुबाई राखणदारांची पुढारी. नथ्थूशी ती कामापुरतं बोले. कोणत्या माळ्याची दोरी कुजली, कोणाची ज्वारी आली नाही. त्यापलीकडे शब्द नाही.

या वर्षी मार्गशीर्षात लीलाधरनानांच्या नाल्याकाठच्या केळीत डुकरं घुसली. त्या अंगाला माळा नव्हता. एका रात्रीत त्रेचाळीस झाडं गेली, ऐन कापणीला आलेली. त्यांच्या घरच्या कमलबाई बांधावर बसून राहिल्या, जेवायला उठेनात. आठ दिवसांनी नथ्थूला नानांच्या बांधावर ताज्या खुंट्या दिसल्या. तार नव्हती, पण खुंट्या तारेशिवाय कोण ठोकतो? तो नानांच्या खळ्यावर गेला. त्या कोपऱ्यावर नवा माळा बांधू, मी स्वतः बांधतो, एवढंच त्याने सांगितलं.

नाना बाजेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, “नथ्थू, आकडा कसा टाकाचा हे मले कोनं शिकवलं व्हतं रे?”

“म्या.”

“मंग आता इसराचंही तूच शिकोशीन? मी तुह्यासारखा गाफील नाही. मह्या ध्यानात वार राहते.”

खळ्यावरची दोन माणसं हसली. नथ्थू उठून आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. नानांनी या वेळी त्याला फाटकाच्या आतही घेतलं नाही.

तो आठवडा रात्रीच्या लाईटचा होता. बाराला यायची आणि सकाळी आठला जायची. शुक्रवारी सकाळी सातला नथ्थू नाल्याच्या अंगाने निघाला. धुकं होतं. केळीच्या पानांवरून थेंब टपटपत होते. नानांच्या बांधाच्या कोपऱ्यावर तो थबकला. खुंट्यांवर तार होती. ती बांधावरच थांबली नव्हती. डुकरांची वाट अडवायची म्हणून नानांनी ती पायवाटेवर आडवी नेऊन पलीकडच्या बाभळीला बांधली होती. ती पायवाट पाड्याची. राखणदार घरी परततात ती.

समोर साठ-सत्तर पावलांवर भिकुबाई माळ्यावरून उतरून त्याच वाटेने येत होती. अंगावर घोंगडी, डोक्यावरून पदर, खाली मान घालून.

नथ्थूच्या मनात त्या क्षणी जे आलं ते त्याने पुढे नूतनताईंना लपवून ठेवलं नाही. आकडा टाकलेला खांब वीसेक पावलांवर होता. धावत जाऊन आकडा पाडला तर ती पोचेपर्यंत तार मेलेली असेल. पायाने बाजूला सारता येईल. तिला कळणारही नाही, राखण चालू राहील, शब्द राहील. पण खांबापाशी जाईपर्यंत ती तारेपाशी पोचली तर? तो जागीच उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला.

“भिकुबाई, थांब! वाटवर तार शे!”

ती थांबली. तिने तार बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांचं सगळं त्या एका ओरडण्यात गेलं, हे त्याला कळलं. तरी तो खांबाकडे धावला. मागून आणखी राखणदार येणार होते आणि लाईट जायला तास होता. त्याने कडेचा वाळका बांबू उचलला, वर नेला आणि आकड्याला ढुशी दिली.

ओरडणं ऐकून नाना खळ्यावरून धावत आले होते. हातात कुदळीचा दांडा. दांडा नथ्थूच्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड काडकन मोडलं. दुसरा फटका कानावर. नथ्थू गुडघ्यावर आला, पण बांबू वरच होता. त्याने पुन्हा ढुशी दिली. आकडा सुटला. नानांनी तिसरा फटका पाठीत घातला तेव्हा तो तोंडावर पडला.

आणि केळीच्या आतून किंकाळी आली.

कोणालाच ठाऊक नव्हतं की बांधाच्या त्या टोकाला, दहा पावलांवर, तारेला नुकताच एक एकलगा डुक्कर चिकटला होता. कळपातून फुटलेला, वासरासारखा थोराड. नथ्थूने आकडा पाडला आणि त्याची तारेतून सुटका झाली. आणखी घटकाभर वीज राहिली असती तर तो तिथेच मेला असता. तो उठला तो भाजलेला, पिसाळलेला, आणि समोर त्याला दिसले ते उभे असलेले एकटे नाना.

नानांनी दांडा उगारला. डुकराने खालून मुसंडी मारली. सुळा मांडीत शिरला आणि वरपर्यंत फाडत गेला. नाना उताणे पडले. डुक्कर वळला, पुन्हा आला, या वेळी पोटरी फाटली. मांडीतून रक्त उडत होतं, धार लागून, केळीच्या पानावर त्याचा आवाज येत होता. नाना ओरडत नव्हते. त्यांचं तोंड उघडं होतं आणि आवाज बाहेर येत नव्हता. नथ्थूने डाव्या हाताने मातीचं ढेकूळ फेकलं. डुकराला ते लागलंही नाही.

भिकुबाई तारेवरून उडी मारून आली. बांधावर खुंट्या ठोकायची पहार पडली होती. ती तिने दोन्ही हातांनी उचलली आणि डुक्कर तिसऱ्यांदा वळत असताना त्याच्या बरगडीत खुपसली. तो तिला घेऊनच दोन हात पुढे गेला. तिने पहार सोडली नाही. ती फरफटली, गुडघे सोलले, मग पाय रोवून तिने सगळं अंग पहारीवर टाकलं. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. डुकराच्या तोंडातून फेसाळ रक्त आलं. तो बसला, पुन्हा उठायला बघत राहिला, आणि तिने पहार काढून मानेत घातली. मग तो पडला. त्याचे पाय बराच वेळ माती उकरत होते.

तिने पदर फाडला, नानांच्या मांडीवर जखमेच्या वर गुंडाळला, त्यात दांडा घालून पीळ दिला. त्याच दांड्याने नथ्थूचं हाड मोडलं होतं. नाना तिच्या मनगटाला धरून होते. तिने मनगट सोडवून घेतलं आणि पीळ आणखी आवळला.

केळीचे घड नेणारा टेम्पो गावात आला होता. त्यात पानं अंथरून नानांना जळगावला नेलं. पाय वाचला, पण तो आता गुडघ्यात वाकत नाही.

दुपारी नूतनताई पंचनाम्याला आल्या. गावातले काही म्हणू लागले, तार कुठे होती, डुक्कर असाच आला आणि पाडेवालीने मारला. बांधावर खरोखरच तार नव्हती. कोणीतरी ती काढून नेली होती. नूतनताईंनी नथ्थूकडे बघितलं. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. तो बोलायला लागला तोच कमलबाई घरून आल्या. डोक्यावर कडबा असावा तसं तारेचं भेंडोळं होतं. त्यांनी ते नूतनताईंच्या पायाशी टाकलं आणि लोकांकडे न बघता म्हणाल्या, “आमची शे. कडब्यात लपोली व्हती, त्यातून म्याच काढली. त्या बाईनं मह्या माणसाचा जीव राखला, अन् तुम्ही तिलेच अडकोता?”

माणसाचा जीव वाचवताना मारलेलं जनावर, अशी नोंद झाली. भिकुबाईवर काही आलं नाही. ती जबाबाला आली, अंगठा दिला, आणि सगळ्या राखणदारांना घेऊन पाड्यावर निघून गेली. जाताना माळ्यांवरचे डबे काढून नेले.

त्या संध्याकाळी कोणी उतरलं नाही, शनिवारी नाही. रविवारीही नाही. रात्री डुकरांनी दोघांच्या केळीत धुमाकूळ घातला. सोमवारी सकाळी नाल्यापलीकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. ठक्, मग थोडं थांबून ठक्. गावातल्या प्रत्येकाने तो ऐकला आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही. दोन घरांतून पारावर पुन्हा तार लावायची गोष्ट निघाली. नथ्थू पारावर गेला नाही. त्याने सुमनबाईला बरोबर घेतलं आणि एका हाताने, खांद्यात कळ मारत असताना, नानांच्या नाल्याकाठच्या कोपऱ्यावर माळ्याचे खांब उभे करायला घेतले. तो खड्डे दाखवी, ती खणे. दुपारी कमलबाई भाकरी घेऊन आल्या आणि परत न जाता पहार हातात घेऊन खणू लागल्या. दोन दिवस लागले. खांब जरा तिरके लागले, शिडीची एक पायरी हलत राहिली.

बुधवारी संध्याकाळी नथ्थू पाड्याच्या वाटेवर दगडावर बसला होता. मार खाल्ला त्या दिवसाप्रमाणे वर जावं असं त्याला वाटत होतं, पण या वेळी तो दगडावरून उठला नाही. मावळतीचं ऊन नाल्यातून वर सरकत गेलं. मग वरून डब्यांचा आवाज आला.

भिकुबाई पुढे होती. मागे चौघंच. नेहमीचे नऊ नव्हते. ती दगडापाशी थांबली नाही. नव्या माळ्यापाशी गेली, शिडी हलवून बघितली, हलणाऱ्या पायरीवर मुद्दाम पाय दाबला, तोंड वाकडं केलं. मग वळून म्हणाली,

“तुमना गावना भरोसा मले आज बी नही. म्हनीसन अठे मी बठस. बाकीना येतीन का नही ते मी सांगू शकत नही.”

“बरं,” नथ्थू म्हणाला.

“अन् ही पायरी बांध. तुना एक हात ते शे ना.”

नथ्थू उठला. दोरीचं एक टोक त्याने दातात धरलं, जे दात उरले होते त्यांत, आणि डाव्या हाताने गाठ मारायला लागला. भिकुबाई वर चढून डबे टांगत होती. गाठ सैल बसली. त्याने सोडली आणि पुन्हा बांधली.